कमरेतल्या भुलेत मिसळायची औषधं : पोटाच्या खालच्या भागाच्या ऑपरेशनआधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हर्निया, अपेंडिक्स, गर्भपिशवी काढणं, सिझर, मूत्राशयातला खडा. बेंबीच्या खालची अशी कितीतरी ऑपरेशनं कमरेत इंजेक्शन देऊन होतात. नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतलं दहा खाटांचं हॉस्पिटल असो की मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांची मोठी ओटी (ऑपरेशन थिएटर), पद्धत तीच. त्या इंजेक्शनात मुख्य औषधाबरोबर दुसरं एखादं औषध थेंबभर मिसळायची आता रीत झाली आहे. संमतीपत्रावर किंवा फाइलवर त्याचं नाव दिसलं की नातेवाईक विचारतात, हे कशाला? ही उत्तरं प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहेत. वॉर्डातल्या सिस्टरना आणि भूलशास्त्राला नव्याने लागलेल्या रेसिडेंटनाही कामास यावीत म्हणून डोसचे आकडे घातले आहेत. ते समजून घेण्यासाठी आहेत; तुमचा डोस तुम्हाला तपासणारा भूलतज्ज्ञच ठरवेल.

डॉक्टरसाहेब, कमरेतल्या इंजेक्शनात नेमकं असतं काय?

मुख्य औषध ब्युपिव्हॅकेन, ०.५ टक्के, 'हेवी'. चार मिलीची अॅम्प्यूल येते. दर मिलीत ५ मिलीग्रॅम ब्युपिव्हॅकेन आणि ८० मिलीग्रॅम डेक्स्ट्रोज. या साखरेमुळे औषध मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड होतं आणि टेबल जिकडे कलेल तिकडे सरकतं. भूल किती वर चढवायची हे त्यामुळे बऱ्याच अंशी आमच्या हातात राहतं. खालच्या पोटाला साधारण २.५ ते ३.५ मिली लागतं. सिझरला २ मिलीच्या आसपास पुरतं, कारण गरोदरपणात कमी औषधही वर चढतं.

सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून जाते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, म्हणून ही जागा निवडलेली आहे. अशी भूल पहिल्यांदा १८९८ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात आउगुस्ट बीअर यांनी दिली, तीही कोकेन वापरून. औषध बदललं, सुया बारीक झाल्या, मूळ कल्पना तीच राहिली.

एवढ्याने बधिर होत असेल तर आणखी औषध मिसळायचं कशाला?

दोन कारणं. पहिलं सगळ्यांना पटतं: नुसत्या ब्युपिव्हॅकेनची भूल दोन-तीन तासांत उतरते आणि पेशंट वॉर्डात पोचून स्थिरावतो न स्थिरावतो तोच दुखायला लागतं.

दुसरं कारण पेशंटला टेबलावर कळतं. कातडी आणि स्नायू पूर्ण बधिर असतात, चिमटा काढला तरी समजत नाही, पण सर्जनने अपेंडिक्स किंवा गर्भपिशवी ओढली की बेंबीच्या वर काहीतरी 'खेचल्यासारखं' वाटतं, मळमळतं, घाम फुटतो. पोटाच्या आतल्या आवरणाच्या आणि आतड्यांच्या संवेदना कापलेल्या जागेच्या बऱ्याच वरच्या नसांतून जातात. म्हणूनच काप बेंबीखाली असला तरी गर्भपिशवीच्या ऑपरेशनला भूल छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत, कधी त्याहूनही वर चढवावी लागते. जांघेतल्या हर्नियाला बेंबीपर्यंत आली तरी बहुधा भागतं. हे आतलं खेचणं दाबायला अफूवर्गातलं औषध फार उपयोगी पडतं. ब्युपिव्हॅकेन नसेतली वहनाची वाट अडवतं, तर अफूवर्गातलं औषध मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात, जिथे वेदनेचा निरोप पुढच्या पेशीला दिला जातो, तिथे काम करतं. दोन ठिकाणी अडवणूक झाली की मुख्य औषध थोडं कमी देऊनही भागतं, आणि मुख्य औषध कमी म्हणजे बीपी पडायचं प्रमाणही कमी.

फेंटानिल चांगलं की डेक्समेडेटोमिडिन?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त अभ्यासला गेलेला प्रश्न. देशभर एम.डी.च्या प्रबंधांना हा विषय वर्षानुवर्षं पुरतो आहे.

फेंटानिल हे अफूवर्गातलं औषध, १० ते २५ मायक्रोग्रॅम देतात. ते चरबीत सहज विरघळतं, म्हणून मज्जारज्जूत पटकन शिरतं आणि फारसं वर भटकत नाही. पाच-दहा मिनिटांत परिणाम, वेदनाशमन एक-दोन तासांनी वाढतं, पाय मात्र जवळपास नेहमीच्याच वेळी हलू लागतात. टेबलावरचं ते खेचणं याने छान दबतं. त्रास म्हणजे खाज, मुख्यतः नाक, चेहरा आणि छातीवर.

डेक्समेडेटोमिडिन वेगळ्या कुळातलं, क्लोनिडिन या बीपीच्या औषधाचं धाकटं आणि जास्त नेमकं भावंड. डोस बहुधा ५ मायक्रोग्रॅम, कुणी १० पर्यंत जातात. मणक्यात वापरायला सुरुवात होऊन फार काळ झालेला नाही. २००६ मध्ये बैरूतच्या डॉक्टरांनी ३ मायक्रोग्रॅम डेक्समेडेटोमिडिन आणि ३० मायक्रोग्रॅम क्लोनिडिन यांची तुलना प्रसिद्ध केली आणि तिथून अभ्यासांची रीघ लागली. आपल्याकडे लखनौचा २०११ चा अभ्यास बराच सांगितला जातो. खालच्या पोटाच्या ऑपरेशनचे ६० रुग्ण, सगळ्यांना १२.५ मिलीग्रॅम ब्युपिव्हॅकेन. निम्म्यांना त्यात ५ मायक्रोग्रॅम डेक्समेडेटोमिडिन, निम्म्यांना २५ मायक्रोग्रॅम फेंटानिल. बधिरपणा पायाच्या मागच्या भागापर्यंत उतरायला डेक्समेडेटोमिडिनच्या गटात सरासरी ४७६ मिनिटं लागली, फेंटानिलच्या गटात १८७.

आठ तास विरुद्ध तीन तास. हा आकडा पाहून कुणीही डेक्समेडेटोमिडिनच्या बाजूने हात वर करील. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कुणी सांगत नाही: पायांची ताकद पूर्ण परत यायला एका गटाला सरासरी ४२१ मिनिटं लागली, दुसऱ्याला १४९. म्हणजे दुखलं नाही हे खरं, पण सात तास पायांत पूर्ण ताकदही नव्हती. गर्भपिशवी काढलेली बाई तशीही त्या दिवशी पलंगावरच असते, तिला हे चालतं. सकाळी हर्निया करून संध्याकाळी घरी जाऊ बघणाऱ्या माणसाला ते अडचणीचं होतं.

आमचं मत विचाराल तर दोन तासांच्या आतल्या ऑपरेशनला, विशेषतः पेशंटला लवकर उभं करायचं असेल तर फेंटानिल. ऑपरेशन लांबणार असेल, चिकटलेली आतडी सोडवायची असतील, पेशंट घाबरट असून थोडी झोप लागलेली बरी असेल आणि हृदयाची गती मुळात चांगली असेल तर डेक्समेडेटोमिडिन. ज्याची नाडी आधीच पन्नास-पंचावन्नवर आहे, जो नाडी मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळ्या घेतो किंवा ज्याच्या ईसीजीत हार्ट ब्लॉक आहे, त्याला आम्ही ते देत नाही.

एक गोष्ट पेशंटला माहीत असायला हवी. डेक्समेडेटोमिडिनच्या लेबलवर मणक्यात देण्याची नोंद नाही. ते शिरेतून झोप देण्यासाठी मंजूर झालेलं औषध आहे. भूलशास्त्रात असा लेबलबाहेरचा वापर नवीन नाही आणि यामागे अभ्यासांचा मोठा ढीग आहे. तरीही संमती घेताना ते सांगायला हवं, आणि तुम्हीही विचारायला हरकत नाही.

मॉर्फिनने तर चोवीस तास दुखत नाही म्हणतात. मग ते सगळ्यांनाच का देत नाही?

कारण रात्री पेशंटकडे बघायला माणूस लागतो.

मॉर्फिन पाण्यात विरघळणारं आहे. ते मज्जारज्जूत हळू शिरतं, परिणाम सुरू व्हायलाच पाऊण-एक तास लागतो आणि उरलेलं औषध मणक्यातल्या पाण्याबरोबर वर, मेंदूच्या दिशेने सरकत राहतं. यामुळेच १०० ते १५० मायक्रोग्रॅम एवढ्याशा डोसने अठरा ते चोवीस तास आराम मिळतो, आणि यामुळेच श्वास मंदावण्याचा धोका सहा, बारा तासांनीही उभा राहतो, म्हणजे ओटीतले सगळे घरी गेल्यावर. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की मणक्यात मॉर्फिन दिल्यावर पहिले बारा तास दर तासाला आणि पुढचे बारा तास दर दोन तासांनी श्वास, ऑक्सिजन आणि गुंगी तपासावी. १९७९ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी (अमेरिकेतलं, आपलं मेयो नव्हे) कॅन्सरच्या वेदनेसाठी माणसाच्या मणक्यात मॉर्फिन दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर सुरुवातीच्या वर्षांत आजच्या कितीतरी पट डोस दिले जात. श्वास अडल्याच्या बऱ्याच जुन्या गोष्टी त्या काळातल्या आहेत. आजचा डोस फार लहान आहे, पण लक्ष ठेवण्याची गरज संपलेली नाही.

आता वॉर्ड डोळ्यांपुढे आणा. रात्रपाळीला तीस-चाळीस पेशंटांमागे दोन सिस्टर. त्यांच्याकडून दर तासाला एकाच पेशंटचा श्वास मोजून लिहून घेण्याची अपेक्षा ठेवायची, तर तसा पलंग, तसा मॉनिटर आणि तशी ड्युटी लावावी लागते. जिथे ऑपरेशननंतरचा वेगळा निगराणी कक्ष आहे, अफूवर्गाचा परिणाम उलटवणारं नॅलॉक्सोन पलंगाजवळ ठेवलेलं आहे आणि सिस्टरला 'श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेला तर काय' हे ठाऊक आहे, तिथे सिझर आणि मोठ्या ऑपरेशनसाठी मॉर्फिनसारखं दुसरं औषध नाही. जिथे हे नाही, तिथे ते न देणारा भूलतज्ज्ञ शहाणा. औषधांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत हा रकाना कधीच नसतो, पण निवड बहुतेक वेळा याच रकान्यावर ठरते.

नालबुफिन कुणीकडून आलं? हल्ली बऱ्याच ठिकाणी तेच देतात.

त्याला दोन बाजू आहेत. वैद्यकीय बाजू अशी की ते एका प्रकारच्या अफू-ग्राहीला (पेशीवर अफूवर्गाचं औषध जिथे बसतं त्या जागेला) चालना देतं आणि दुसऱ्याला अडवतं. म्हणून खाज कमी आणि श्वास मंदावण्याला एक मर्यादा राहते. मणक्यात ०.४ ते ०.८ मिलीग्रॅम देतात. वेदनाशमन फेंटानिलच्या बरोबरीचं किंवा थोडं जास्त वेळ टिकतं, असं बऱ्याच तुलनांत दिसलं आहे.

दुसरी बाजू कागदाची. फेंटानिल आणि मॉर्फिन अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. २०१४ च्या दुरुस्तीने ती 'अत्यावश्यक' यादीत टाकून परवान्यांची गुंतागुंत कमी केली. तरी साठा, नोंदवही, रिकाम्या अॅम्प्यूलचा हिशेब हे सगळं आहेच. तालुक्याच्या लहान हॉस्पिटलला ते झेपत नाही आणि मग नालबुफिन वापरात येतं. यात गैर काही नाही. फक्त 'आम्ही नालबुफिन निवडलं' आणि 'आमच्याकडे फेंटानिल नव्हतं' यांत फरक आहे, तो रेसिडेंटांनी ध्यानात ठेवावा.

अफूवर्गातलंच ब्युप्रेनॉर्फिन ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास देतात. ते सहा-आठ तास किंवा अधिकही चालतं, पण उलट्यांनी पेशंट हैराण होतो.

क्लोनिडिन, मॅग्नेशियम, मिडाझोलम, केटामिन?

क्लोनिडिन १५ ते ३० मायक्रोग्रॅम चांगलं काम करतं. डोस वाढवला की बीपी पडतं आणि तास-दोन तास पडलेलंच राहतं. मॅग्नेशियम ५० ते १०० मिलीग्रॅम दिलं तर भूल लागायलाच उशीर होतो आणि सर्जन घड्याळाकडे बघू लागतो. मिडाझोलम आणि केटामिन यांच्याबाबत मज्जारज्जूच्या पेशींना इजा होण्याची शंका प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आली आहे. त्यातून बाजारातल्या वायल्समध्ये प्रिझर्व्हेटिव्ह असतात, म्हणून आम्ही दूरच राहतो. निओस्टिग्मिनने वेदना कमी होते आणि पेशंट दिवसभर ओकतो. ते प्रकरण तिथेच संपलं.

पाच मायक्रोग्रॅम मोजतात कसे?

डेक्समेडेटोमिडिनच्या अॅम्प्यूलमध्ये दर मिलीत १०० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे पाच मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिली, साध्या सिरिंजवर दिसणारही नाही असा थेंब. त्यासाठी इन्सुलिनची सिरिंज घेतात. आणि इथेच डोळे उघडे ठेवायचे असतात, कारण आपल्या दुकानांत दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात. लाल टोपीची मिलीला ४० युनिटची आणि नारिंगी टोपीची मिलीला १०० युनिटची. लालवर ०.०५ मिली म्हणजे २ युनिट. नारिंगीवर तेच ५ युनिट. लालची सवय असलेल्याच्या हाती नारिंगी आली आणि त्याने २ युनिट ओढले तर पेशंटला दोनच मायक्रोग्रॅम मिळतात. उलट झालं, लालवर ५ युनिट ओढले, तर साडेबारा. म्हणून टोपीचा रंग मोठ्याने बोलून, दुसऱ्याला दाखवून मग ओढायचं.

फेंटानिल त्यामानाने सोपं, दर मिलीत ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे २५ ला अर्धा मिली. नालबुफिन दर मिलीत १० मिलीग्रॅमचं असेल तर ०.८ मिलीग्रॅम म्हणजे ०.०८ मिली, पुन्हा इन्सुलिन सिरिंज.

चुकून भलतंच औषध मणक्यात गेलं तर?

ही भीती अनाठायी नाही. रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड ब्युपिव्हॅकेनसारख्याच दिसणाऱ्या अॅम्प्यूलमध्ये आलं आणि चुकून मणक्यात दिलं गेलं, असे प्रकार जगात अनेक ठिकाणी झाले आहेत. त्यात जोराचे झटके येतात आणि पेशंट दगावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबद्दल खास इशारा दिला. उपाय महागडा नाही. ट्रॅनेक्झॅमिक स्पायनलच्या (कमरेतल्या भुलेच्या) ट्रॉलीपासून वेगळ्या कपाटात ठेवायचं, लेबल दोघांनी वाचायचं आणि फोडलेली अॅम्प्यूल इंजेक्शन संपेपर्यंत फेकायची नाही.

काय काय त्रास होऊ शकतो?

बीपी पडणं सगळ्यात नेहमीचं. ते मुख्य औषधामुळेच जास्त होतं. सलाइन आणि बीपी वाढवणारं मेफेंटरमिन किंवा फिनायलेफ्रिन तयारच असतं, मिनिटा-दोन मिनिटांत सावरतं. खाज अफूवर्गाने येते, फार झाली तर औषध आहे. थंडी वाजून थरथरणं उलट कमी होतं, फेंटानिलने आणि डेक्समेडेटोमिडिनने दोन्ही. लघवी अडकणं मॉर्फिनने जास्त. प्रोस्टेट वाढलेल्या काकांना हे आधी सांगून ठेवावं, नळी घालावी लागली तर चिडायला नको. डोकं दुखणं सुईच्या जाडीवर आणि टोकावर अवलंबून असतं, मिसळलेल्या औषधावर नाही.

कमरेत सुई टोचली की जन्मभर कंबर दुखते, खरं काय जी?

नाही जी. टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखरं वाटू शकतं. सिझर झालेल्या बायका सर्वांत जास्त हे सांगतात, पण बाळंतपणानंतरची कंबरदुखी कमरेत भूल न घेतलेल्या बायकांनाही तितकीच होते. बाळाला उचलणं, वाकून दूध पाजणं, झोप नसणं ही कारणं बाजूला राहतात आणि दोष सुईवर येतो. आत मिसळलेल्या औषधाचा तर त्यात काहीच हात नाही.

मे महिन्यात ऑपरेशन आहे. उन्हाळ्याने काही फरक पडतो का?

पडतो. पारा पंचेचाळीसवर गेलेला असतो, पेशंट पहाटेच्या बसने निघून दुपारी ओटीत येतो, आणि आदल्या रात्रीपासून पाण्याचा घोट घेतलेला नसतो. शरीरात पाणी कमी असताना कमरेतली भूल दिली की बीपी धाडकन खाली येतं. त्यात क्लोनिडिन किंवा डेक्समेडेटोमिडिन असेल तर आणखीच.

'रात्री बारानंतर थेंबही नको' ही सूचना जुनी झाली, तरी अजून वहीत लिहून देतात. हलकं जेवण सहा तास आधी बंद करायचं, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. ताक, दूध, रस मात्र यात धरायचे नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, उदाहरणार्थ आतडं अडकलेलं असेल किंवा पोटाचा दुसरा आजार असेल, तर त्यांचंच ऐका.

आमच्या घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. सांगायला हवं का?

सगळ्यात आधी सांगा. पूर्व विदर्भातल्या पेशंटांना आम्ही स्वतःहून विचारतो, पण घाईत राहून जाऊ शकतं. तपासणीचं कार्ड असेल तर घेऊन या; 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे आजार, यात मोठा फरक आहे.

एसएस पेशंटला चार गोष्टी चालत नाहीत: थंडी, पाणी कमी होणं, ऑक्सिजन कमी होणं आणि तीव्र वेदना. यातल्या कशानेही तांबड्या पेशी वाकड्या होऊन क्रायसिस (अचानक तीव्र दुखण्याचा झटका) सुरू होऊ शकते. त्यामुळे औषध निवडताना दोरी दोन्हीकडून ताणलेली असते. वेदना जास्त वेळ दबून राहावी म्हणून जास्त टिकणारं औषध हवंसं वाटतं, आणि श्वास मंदावून ऑक्सिजन घसरू नये म्हणून तेच नकोसंही वाटतं. आम्ही बहुधा फेंटानिलचा लहान डोस देतो, एसी कमी करून सलाइन कोमट करून लावतो, रात्रभर ऑक्सिजन आणि बोटाला मॉनिटर ठेवतो, आणि वेदनेसाठी बाकीची साधी औषधं वेळेवर चालू ठेवतो. पेशंट आधीपासून क्रायसिससाठी अफूवर्गातली औषधं घेत असेल तर नेहमीचा डोस त्याला कमी पडतो, तेही सांगावं.

खर्रा खाणाऱ्याला काही वेगळं?

नागपुरात हा प्रश्न टाळून चालत नाही. खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. खर्ऱ्यातली सुपारी वर्षानुवर्षं चघळून गालाची आतली कातडी आखडते आणि तोंड दोन बोटंही उघडत नाही. कमरेतल्या भुलेला तोंड उघडावं लागत नाही, म्हणून अशा पेशंटला ती सोयीचीच. पण भूल अपुरी पडली किंवा श्वास मंदावला तर श्वासनलिकेत नळी घालावी लागते, आणि बंद तोंडात ते अवघड होऊन बसतं. म्हणून मॉर्फिन किंवा गुंगी आणणारं जास्तीचं औषध आम्ही अशा पेशंटला शक्यतो देत नाही. ओटीत तोंड उघडून दाखवायला सांगतो ते याचसाठी.

आणि सकाळी 'उपाशीच आहो' म्हणणाऱ्या भाऊंच्या गालात खर्ऱ्याची गोळी निघते, हेही नवीन नाही. थुंकून टाकली तरी तंबाखूने वाढलेली नाडी लगेच खाली येत नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून अजिबात नको.

सिझरनंतर बाळाला दूध पाजता येईल का?

येईल. मणक्यात दिलेले डोस इतके लहान असतात की दुधात उतरणारी मात्रा नगण्य असते. सिझरला आम्ही फेंटानिल आणि सोय असेल तिथे मॉर्फिन वापरतो, कारण त्यांचा बाळंतिणींमधला अनुभव सर्वांत जुना आहे.

हर्नियानंतर त्याच दिवशी गोंदियाला परत जायचं आहे.

पाय पूर्ण हलले पाहिजेत, उभं राहून चार पावलं टाकता आली पाहिजेत, लघवी झाली पाहिजे. हे झाल्याशिवाय सोडत नाही. भूल देण्याआधीच 'आज परत जायचं आहे' हे भूलतज्ज्ञाला सांगा, म्हणजे ते मिसळायचं औषध त्या हिशेबाने निवडतील किंवा मिसळणारच नाहीत. बस धरून घरी जाण्यापेक्षा एक रात्र नागपुरातल्या नातेवाइकाकडे काढलेली बरी.

भूल उतरल्यावर दुखायला लागलं तर?

दुखेल, थोडंफार. एका थेंबावर सगळी भिस्त ठेवू नये. पॅरासिटॅमॉल ठरलेल्या वेळी, किडनी आणि पोट चांगलं असेल तर डायक्लोफेनॅकसारखं औषध, जखमेच्या कडेला बधिर करणारं औषध किंवा पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन (टॅप ब्लॉक), यांनी बराच फरक पडतो. दुखणं असह्य होईपर्यंत थांबू नका. 'सहन करतो' म्हणून खोकला दाबून ठेवणाऱ्याच्याच छातीत कफ साठतो. मॉर्फिन दिलं असेल तर मात्र वॉर्डात आणखी झोपेचं किंवा अफूवर्गाचं इंजेक्शन भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय देऊ नये; हे सिस्टरसाठी.

शोधनिबंध वाचताना काय बघावं? (रेसिडेंटसाठी)

पेशंट कोण होते ते आधी. बहुतेक अभ्यास अठरा ते साठ वर्षांच्या, धडधाकट किंवा किरकोळ आजार असलेल्या लोकांवरचे आहेत. तुमच्या टेबलावरची सत्तर वर्षांची, हिमोग्लोबिन आठ असलेली आजी त्यात नव्हती. मग ब्युपिव्हॅकेनचा डोस. पंधरा मिलीग्रॅमवर कोणतंही जोडऔषध छान दिसतं. 'वेदनाशमनाचा कालावधी' कशाला म्हटलं आहे, पहिलं वेदनाशामक मागेपर्यंतचा वेळ की बधिरपणा दोन पातळ्या उतरेपर्यंतचा? दोन्ही वेगळे आहेत आणि निबंधाच्या सारांशात बेमालूम मिसळलेले असतात. साठ-सत्तर पेशंटांच्या अभ्यासात 'श्वास मंदावण्याचा एकही प्रकार नाही' असं लिहिलेलं असलं तरी क्वचित घडणारी गोष्ट तेवढ्यांत सापडायचीच नाही. आणि दोन औषधांचे डोस मुळात समान ताकदीचे होते का, हे लेखकाने कुठे सांगितलं आहे का ते शोधा. बऱ्याचदा सापडत नाही.

याचे वेगळे पैसे पडतात का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसत असेल तर औषधं पॅकेजमध्येच येतात. खाजगीतही ही अॅम्प्यूल बिलातली फार मोठी बाब नाही.

पुढच्या ऑपरेशनसाठी काय जपून ठेवावं?

डिस्चार्ज कार्डावर भुलेचा प्रकार बहुतेक वेळा एका शब्दात लिहितात, 'स्पायनल'. तेवढ्याने पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही. सुट्टीच्या वेळी भूल-नोंदीची झेरॉक्स मागा. त्यात ब्युपिव्हॅकेन किती, काय मिसळलं, किती मिसळलं, भूल कुठपर्यंत चढली, बीपी कितीपर्यंत पडलं आणि नाडी मंदावली का, हे सगळं असतं. खाज फार झाली होती, दिवसभर उलट्या होत्या किंवा संध्याकाळपर्यंत पाय हलत नव्हते, हे त्या झेरॉक्सच्या मागे आपल्या हाताने लिहून ठेवा, तारखेसह.